‘जुना खेळाडू’ यांच्या सशांवरील प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना खेळाडू’ साहेब,

तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी इथे थोडक्यात देतो, नाहीतर सोयीचं तेवढंच उचललं असं म्हणाल. तुमचं म्हणणं असं: जगबुडीनंतरच्या जगात घडणाऱ्या रोलप्लेइंग गेमांच्या (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचं आणि फाशांवर निकाल लावायचा, ते खेळ) इतिहासावरचा माझा लेख 1978 च्या ‘गामा वर्ल्ड’पाशीच रेंगाळला, 1984 चा ‘ट्वायलाइट: 2000’ दोन ओळींत उरकला, युरोपकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही, परिच्छेद लांबलचक आहेत. आणि मग तुमचं ते वाक्य: “ससे-बिसे हा पोरकटपणा आहे, खरा गेम 1984 ला सुरू होतो, लालबागच्या लेखकाने कधी फासे तरी हातात घेतलेत का?”

परिच्छेद लांब आहेत, मान्य. पुढच्या वेळी तोडून लिहीन.

आता ‘लालबागच्या’. हे विशेषण कशासाठी होतं? लेखाखाली माझं नाव आहे, गावपत्ता नाही. पार्ल्याच्या लेखकाला तुम्ही हेच विचारलं असतं का? मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण माणूस कुठल्या चाळीतून आला यावरून त्याचं वाचन मापायचं ही कुठली रीत? बरं, स्वतः टोपणनावाआड बसून.

विषय काढलाच आहात तर ऐका. लालबागमध्येच खेळलो. एका मित्राचा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने गामा वर्ल्डची नियमपुस्तिका आणली. तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून आम्ही वाचायचो, त्यामुळे निम्मे तक्ते काळे पडलेले. दहा बाजूंचा फासा तेव्हा आम्ही बघितलाही नव्हता. 1 ते 10 आकड्यांच्या चिठ्ठ्या डालड्याच्या डब्यात घालून उचलायचो. तेव्हा हो, फासे हातात घेतले नव्हते. झालं समाधान?

तर ससे. त्या गेममध्ये ‘हूप’ नावाची सशांची बुद्धिमान जमात आहे आणि तिच्या स्पर्शाने धातूचं रबर होतं. ऐकायला हसू येतं, कबूल. टेबलावर मात्र ज्याची तलवार लोंबायला लागते त्याला येत नाही. पण गामा वर्ल्डचं मोठेपण सशांत नाहीच, आणि मी ते सशांत आहे असं लिहिलंही नव्हतं. ते आहे अवशेषांच्या तक्त्यात. प्रलयाआधीची एखादी वस्तू तुमच्या पात्राला सापडते. ती काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, ‘बोटाएवढी नळी, एका टोकाला काच’ एवढंच सांगतो. मग फासा टाकायचा आणि तक्त्यावर एका खणातून दुसऱ्यात सरकत जायचं. नशीब असेल तर वस्तू कळते, नसेल तर कवटीच्या चित्रावर येता आणि वस्तू तुमच्यावरच उलटते. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना समजलेलं असतं की ही बॅटरी आहे, फक्त पात्रालाच कळत नसतं, आणि खेळणाऱ्याने आपलं शहाणपण गिळून पात्राला ती नळी डोळ्याला लावू द्यायची. याला पोरकटपणा म्हणता?

गामा वर्ल्डच्या कर्त्यांपैकी जेम्स वॉर्डने ही युक्ती 1976 च्या ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’तच वापरली होती. तिथे सगळं एका अवाढव्य अंतराळयानात घडतं आणि आपण यानात आहोत हेच तिथल्या लोकांना माहीत नसतं. दोनच वर्षांनी गॅरी जाकेटला जोडीला घेऊन त्याने तीच कल्पना पृथ्वीवर आणली.

आम्हाला हे लगेच कळलं, कारण तसले अवशेष गल्लीच्या टोकाला पडलेले होते. 1982 च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा धड उभी राहिली नाही. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. भिंतीच्या भगदाडातून आम्ही पोरं आत शिरायचो. एकदा मला तिथे एक लाकडी वस्तू सापडली: वीतभर लांब, मध्ये पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, हाताळून गुळगुळीत झालेली. आम्ही तिचं हत्यार ठरवलं, डब्यातून चिठ्ठीसुद्धा काढली. घरी वडिलांनी ती हातात घेतली, अंगठ्याने टोक चाचपलं आणि म्हणाले, धोटा आहे. आणखी काही बोलले नाहीत. साचेवाल्याच्या पोराला मागावर आडवा धागा नेणारा धोटा ओळखता येऊ नये, इतकी ती गिरणी आमच्यापुरती बुडालेली होती. आता सांगा, गामा वर्ल्ड समजायला अमेरिकेत जन्मावं लागतं का?

राहता राहिलं 1984. ट्वायलाइट: 2000 थोर आहे, वाद नाही. पोलंडमध्ये कालिशजवळ तुमची अमेरिकन डिव्हिजन मोडते, वरून शेवटचा निरोप येतो की आता तुमचं तुम्ही बघा, आणि पुढचा सगळा गेम गोळ्या मोजत, गाड्यांसाठी भट्टी लावून अल्कोहोल गाळत चालतो. पण गंभीर गेम तिथून सुरू झाले म्हणणारा माणूस 1980 चा ‘मॉरो प्रोजेक्ट’ विसरतो. त्यात अणुयुद्धानंतर देश सावरायला म्हणून लोकांना गोठवून ठेवलेलं असतं आणि त्यांना जाग येते ती दीडशे वर्षं उशिरा. 1981 चा ‘आफ्टरमॅथ!’ही विसरतो, ज्याचे मारामारीचे नियम समजायला फ्लोचार्ट समोर ठेवावा लागतो. या दोन्हींत एकही गमतीदार ससा नाही. ‘जुना खेळाडू’ म्हणवून घेणाऱ्याला हे माहीत असायला हरकत नव्हती.

युरोपचं म्हणाल तर स्वीडनचा ‘म्युटंट’ आणि पोलंडचा ‘न्यूरोशिमा’ मला ठाऊक आहेत. लेख त्यांच्यावर नव्हता, विषय संपला. ‘फॉलआउट’ हा कॉम्प्युटर गेम आधी ‘गर्प्स’ या रोलप्लेइंग गेमच्या नियमांवर होणार होता हे तुम्ही मलाच शिकवलंत. ते लेखात आहे, खालून तिसऱ्या परिच्छेदात, त्याच लांब परिच्छेदात जो तुम्ही बहुधा सोडून दिलात.

ट्वायलाइट: 2000 वर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे, तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीपासून. आल्यावर जरूर वाचा. काही खटकलं तर कुठल्या आवृत्तीबद्दल बोलताय तेवढं लिहा, आणि जमल्यास स्वतःच्या नावाने लिहा.