‘मनात काही ठेवू नका’ हे नेहमीच खरं नाही

फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकलेला मेसेज तुम्हालाही आला असेल: ‘भावना दाबू नका, दाबलेला राग आजार होऊन बाहेर येतो. जिथल्या तिथे बोलून मोकळे व्हा. नेहमी चांगला विचार करा.’ तो वाचून दादाने मला विचारलं, "मी चुकतोय का गं?" म्हणून हे लिहितेय.

दादा स्वारगेट-हडपसर बसवर कंडक्टर आहे. परवा ऐन गर्दीत सुट्ट्या पैशांवरून एकाने त्याला आईवरून शिवी दिली. दादाने तिकीट हातात दिलं, "पुढे सरका" म्हणाला आणि डबल बेल मारली. रात्री जेवताना मात्र घास हातातच राहिला. वहिनीपाशी तासभर बोलला, डोळेही पुसले. राग तोच होता. पण बसमध्ये तो उफाळला असता तर उभ्या माणसांनी भरलेली बस रस्त्यातच थांबली असती. ‘जिथल्या तिथे’ला माझं उत्तर एवढंच.

राग बाहेर काढला की उतरतो, हेही खरं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, डिवचणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक नुसत्या शांत बसलेल्यांपेक्षा जास्त संतापलेले निघाले.

दाबल्याने त्रास होतो, यात मात्र तथ्य आहे. ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवलं की चेहरा कोरा ठेवला तरी आतली भावना कमी होत नाही, आणि शारीरिक ताण काही बाबतींत वाढतोच. रोज, सगळीकडे गिळत राहणं वाईटच. पण मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनानो यांनी ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या कॉलेजच्या मुलांचा अभ्यास केला. भावना दाखवणं आणि आवरणं, दोन्ही ज्यांना जमत होतं, ती मुलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाअखेरीस कमी त्रासात होती. दादाला हेच दोन्ही जमतं: बसमध्ये आवरणं आणि वहिनीपाशी मोकळं होणं.

राहिला ‘चांगला विचार’. जे आपल्या हातात नाही, तिथे तो आधार देतो. पण सोसायटीत चार दिवस पाणी नसेल, तर मनाची समजूत घालत बसण्यापेक्षा सेक्रेटरीला गाठायला हवं.

दादाला मी "नाही" म्हटलंय. मामा, तुम्हीही त्याला एक फोन करा.