‘हौस तुमची, जोखीम लेकीची’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आठ वर्षांच्या लेकीला घेऊन डोंगरात मुक्कामी गेल्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हौस माझी आणि जोखीम लेकीच्या माथी. आठ वर्षांच्या पोरीच्या होकाराला काही अर्थ नसतो. कामाचा शीण घालवायला मला डोंगर लागतो, म्हणून तिलाही फरफटत नेणं हा स्वार्थ आहे. आणि शेवटी, ‘आई असून तुम्हाला हे करवतं तरी कसं?’ खाली काहींनी तुम्हाला झोडपलं, ते मला आवडलं नाही. तुम्ही चिडलात ते एका अनोळखी मुलीच्या काळजीपोटी. त्या काळजीला उत्तर द्यायलाच हवं.

हौस माझी आहे, हे मान्यच. आठवडाभर स्क्रीनसमोर बसून अंग आंबून जातं, डोकं जड होतं, आणि चार तास चढ चढला की मी माणसात येते. ज्या घरात कुणी गाणारं असतं, तिथलं पोर गाणं ऐकतच मोठं होतं. आईबापांच्या आवडी मुलांच्या वाट्याला येणारच. प्रश्न एवढाच की त्या आवडीपायी मुलाला इजा होते का, आणि त्याला ‘नको’ म्हणता येतं का.

आधी इजेबद्दल. मूल घरी ठेवलं की जोखीम टळते असं मला वाटत नाही, ती फक्त ओळखीची होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहे. तरी रोज सकाळी आपण मुलांना रस्त्यावरूनच शाळेत पाठवतो. पट्टा लावतो, हेल्मेट घालतो, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडायला शिकवतो, आणि पाठवतो. डोंगरातही हेच करायचं असतं. तिथले धोके अंगवळणी पडलेले नसतात, म्हणून ते मुद्दाम शिकावे लागतात.

आणि सगळे धोके सारखे नसतात. तुम्हाला ज्या फोटोने धडकी भरली, त्यात ती एका खडकावर चढते आहे. त्या खडकाला हाता-पायांना भरपूर पकड होती, आणि मी तिच्या पाठीशी उभी होते. मला धास्ती वाटते ती फोटोत अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टींची. उदाहरणार्थ, ओढा. जोरात वाहणारं सहा इंच पाणीही मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर आम्ही त्यात उतरत नाही, मग तंबूची जागा पलीकडे हाकेच्या अंतरावर का असेना. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, उतरताना ती कधीच माझ्या बरोब्बर खाली नसते, कारण माझ्या पायाखालचा दगड सुटला तर तो तिच्यावर जाऊ नये. गारठ्याचंही तसंच. मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. भिजलेला सुती कपडा वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून सॅकमध्ये तिचे कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेले असतात. ती कुडकुडायला लागली की थांबायचं, कपडे बदलायचे, काहीतरी खायला द्यायचं. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असणारी पोर एकाएकी गप्प झाली, पाय अडखळायला लागले, तर पुढची चढण विसरायची आणि उतरायला लागायचं.

‘हरवली तर?’ असंही तुम्ही विचारलंत. १९८१ मध्ये अमेरिकेत पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि दगावला. त्यानंतर तिथे मुलांसाठी एक साधा धडा तयार झाला: वाट चुकली असं वाटलं की एखादं झाड गाठायचं आणि ते सोडायचं नाही. कारण हरवलेलं मूल चालत राहिलं की शोधणाऱ्यांना पुरा करायचा भाग दर तासाला वाढत जातो. लेकीला हे चालायला लागल्यापासून शिकवलंय. तिच्या सॅकच्या पट्ट्याला शिट्टी असते. मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. डोंगरात मदत मागायची ही जगभर ओळखली जाणारी खूण आहे. शिट्टी खेळायला नाही हे तिला एकदाच सांगावं लागलं.

आता ती फक्त माझ्या मागे चालते का, याबद्दल. त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धारेवरून चढत होतो, माथा समोर दिसत होता. माथ्यावर ठेवायचा म्हणून तिने खालून एक पांढरा दगड आणला होता, आणि तासभर त्याच्याचबद्दल बोलत होती. लांब ढगात वीज चमकली. मी काही म्हणायच्या आत तिने मोजायला सुरुवात केली. एकवीसला गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज सात किलोमीटरवर होती. तीसच्या आत आवाज आला की खाली उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढायचं नाही, हा नियम तिला पाठ आहे. तिने खिशातून दगड काढला, तिथेच वाटेच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, ‘आई, खाली.’ माथा वीस मिनिटांवर असताना परत फिरणं भल्याभल्यांना जमत नाही. मी हे माझ्या लेकीचं कौतुक म्हणून सांगत नाहीये (कौतुक आहेच). मी तिला डोंगरात नेते ते याचसाठी, एवढंच सांगायचंय.

होकाराबद्दल तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. ‘येतेस का?’ विचारल्यावर आठ वर्षांचं मूल आईच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. म्हणून मी तिच्या होकारावर विसंबत नाही. तिच्या नकारावर विसंबते. निघाल्यापासून कुठल्याही क्षणी ती ‘परत’ म्हणाली की आम्ही परत फिरतो. कारण विचारायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, ‘थोडंच राहिलंय’ म्हणायचं नाही, आणि घरी आल्यावर तोंड पाडून बसायचं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जड जातं. तिने हा हक्क वापरून माझे बेत मोडलेले आहेत. एकदा तर पहिल्याच चढावर. त्या दिवशी दुपारभर आम्ही पायथ्याशी एका वारुळाजवळ बसलो, आणि मेलेला नाकतोडा मुंग्या कसा ओढून नेतात ते तिने पोटावर पालथं पडून पाहिलं. आपला नकार खरंच चालतो हे मुलाला कळतं, तेव्हाच त्याच्या होकाराला वजन येतं.

यासाठी वेळ मात्र हाताशी लागतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला होता: सुमारे पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो धडधाकट माणसाचा हिशेब आहे, थांब्यांशिवायचा. मूल बरोबर असेल तर मी तो सरळ दुप्पट धरते. कुठेही पोचलो असलो तरी परत फिरायची वेळ घरूनच ठरलेली असते.

मग हा सगळा खटाटोप कशाला, असं तुम्ही म्हणाल. नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार मांडले आहेत: उंची, वेग, धोक्याची हत्यारं, आग-पाण्यासारख्या गोष्टींजवळचे खेळ, दंगामस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड भटकणं. कुठल्याही मुलाकडे आठवडाभर बघा, यातलं काही ना काही ते शोधतंच. आपण समोर असताना नाही मिळालं, तर आपल्या माघारी शोधतं. मला ते माझ्यासमोर झालेलं परवडतं.

डोंगर नसला तरी चालेल, हेही सांगते. नोकरी सांभाळून सगळ्यांना मुक्कामी जाणं जमत नाही, हा तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे. चीनमध्ये ग्वांगजोच्या काही शाळांनी पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला दिली. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं धूसर दिसायला लागलं, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस मिनिटं, तीही शाळेच्याच वेळात. कामाच्या दिवशी माझ्याकडूनही संध्याकाळी तेवढंच होतं, कधी तेवढंही नाही.

‘आई असून’ याचं उत्तर द्यायचं राहिलं. तिचे बाबा तिला नेतात तेव्हा हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. भीती मला वाटते, पुष्कळ वाटते. त्या भीतीपायीच मी आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघते. कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, आणि किती उशीर झाला की मदत बोलवायची, हे कागदावर लिहून घरी ठेवते. ही भीती मला जायला नकोच आहे.

तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, झाडावर चढायचा हट्ट करतो आणि तुम्ही त्याला दरवेळी खाली उतरवता, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर या रविवारी त्याला चढू द्या. आधी दोघं मिळून वाळक्या फांद्या कुठल्या ते बघा. दोन हात आणि दोन पाय, यातले तीन कायम घट्ट, एकच हलवायचा, हे त्याला जमिनीवरच करून दाखवा. त्याला उचलून फांदीवर ठेवू मात्र नका. स्वतःच्या बळावर जितकं चढेल तितकंच. खाली उभं राहून ‘पडशील!’ असं ओरडण्याऐवजी ‘पुढचा पाय कुठे ठेवणार?’ असं विचारा. वर अडकला तर घाईने काढायला जाऊ नका, खालून एकेक फांदी सांगत उतरवा. आणि कसं झालं ते मला नक्की कळवा.