तो व्हिडिओ माझा आहे, सोंग नाही

पांढरी काठी धरलेला माणूस बाकावर बसून मोबाइल वाचतोय आणि खाली ओळ, ‘सवलतीसाठी आंधळ्याचं सोंग’. धुळे-जळगावच्या बऱ्याच गटांत हा व्हिडिओ फिरतोय. त्यातला माणूस मी. व्हिडिओ खरा, ओळ खोटी.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजर कडांकडून आटत जाते. मधला तुकडा बरीच वर्षं टिकू शकतो. नळीतून पाहावं तसं. म्हणून हातातली अक्षरं मला वाचता येतात, पण पायाशी ठेवलेला केळीचा घड दिसत नाही. त्यासाठी काठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसारही दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर सरळ ठेवून जेवढा भाग दिसतो तो, १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्वच. डोळ्यांपुढे पूर्ण काळोख असावा अशी अट नाही.

त्याच बाकावरच्या एका बाबांनी मला सरळ विचारलं होतं, “तुले दिखस, मंग काठी कसाले?” मला राग आला नाही, बरंच वाटलं. मी सांगितलं, तर त्यांनी मूठ डोळ्याला लावून पोकळीतून इकडंतिकडं पाहिलं आणि आपली पिशवी माझ्या वाटेतून उचलली. व्हिडिओ काढणाऱ्यानेही विचारायला हवं होतं.

तो पुढे पाठवला असेल, तर त्याच गटात हेही टाका.