हार्ड डिस्क मागितली की ग्राफिक कार्ड का दाखवता?

सांगलीत कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात जा, मायनिंग (कॉम्प्युटर चालवून क्रिप्टोकरन्सी कमावणं) हा शब्द तोंडातनं निघायचा अवकाश, लगेच ग्राफिक कार्डाचा बॉक्स काउंटरवर. अहो दादा, मला करायचंय चिया या क्रिप्टोकरन्सीचं, ते हार्ड डिस्कवर चालतं, २०२१ पासनं चालतंय, तिथं जागा मोजतात, के-३२ मापाचा एक साधा प्लॉट (डिस्कवर बनवून ठेवायची मोठी फाईल) साधारण १०९ जीबीचा, म्हणजे मला टीबी पाहिजेत टीबी, आणि त्या डिस्का जोडायला बोर्डवर भरपूर साटा पोर्ट. साध्या प्लॉटचं नुसतं फार्मिंग, म्हणजे बनवलेले प्लॉट ठेवून कमाई, करायला जुना प्रोसेसर पण पुरतो. एवढं सांगूनही "गेमिंगचा बोर्ड घ्या की, लाईटी आहेत त्याला". लाईटी घेऊन काय करू राव, पोर्ट किती ते सांगा!

एसएसडीचं तर विचारूच नका. प्लॉट बनवताना तिच्यावर नुसता लिहिण्याचा मारा असतो, टेंपररी फाईलींनाच अडीचशे जीबीच्या आसपास जागा लागते, म्हणून टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण किती टेराबाईट लिहिणं तिला झेपतं, ते विचारलं तर उत्तर काय, "वॉरंटी आहे ना". अहो त्या वॉरंटीलाच बऱ्याचदा टीबीडब्ल्यूची अट असते, तेवढं लिहून झालं की वर्षं शिल्लक राहून उपयोग काय? विश्रामबागेत तेच, गणपती पेठेत तेच, आणि शेवटी म्हणे पुण्याहून मागवा. कंपनीच्या डेटाशीटवर स्पष्ट लिहिलेलं असतं, ते तरी वाचून सांगा की, गिऱ्हाईक रोख पैसे मोजतंय!