मूर्तीभोवती गाडी का फिरवली नाही?

काका, नमस्कार. आमच्या गणपतीच्या आराशीतल्या दोन खेळण्यातल्या आगगाड्यांचे फोटो बघून तुम्ही खानापूरहून जे लिहिलंत, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बाप्पाला बाजूला बसवून टेबलभर गाड्या पसरल्यात. दोन्ही लूप, म्हणजे रुळांची बंद कडी, एकात एक घालून मूर्तीभोवती फिरवायचे होते. खालची गाडी मोठी आणि वरची बारकी, हे विजोड दिसतं. आणि डोंगर केलाच होता, तर दूधसागरसारखी गाडी घाटातून वर चढवायची होती. हे सगळं तुम्ही थोडं रागावूनच लिहिलंय, पण मुद्दे नीट मांडलेत. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी मापाचं बघू. आमचं टेबल ४ बाय ३ फुटांचं आहे, म्हणजे आडवी रुंदी ९१४ मि.मी. खालची गाडी एचओ मापाची: १:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. तिच्या सेटमधलं वळण ३७१ मि.मी. त्रिज्येचं, आणि त्याच्या बाहेर दुसरा रूळ टाकायचा तर पुढचं वळण ४३८ मि.मी.चं. मध्ये एवढी जागा उगाच सोडत नाहीत. वळणावर डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोकं बाहेर निघतात, त्यामुळे रूळ जवळ आणले की शेजारून जाणाऱ्या गाड्या एकमेकींना घासतात. आता ४३८ ची दुप्पट करा: ८७६. रुळाच्या मध्यापासून टेबलाच्या कडेपर्यंत उरले फक्त १९ मि.मी. आपल्या डब्याची निम्मी रुंदीच तेवढी भरते, वळणावर टोक बाहेर येतं ते वेगळंच. गाडी घसरली तर थेट फरशीवर. उलट आतला लूप आणखी घट्ट केला तर लांब डबे तिथे रूळ सोडतात. म्हणून एका पातळीवर दोन एचओ लूप या टेबलावर बसतच नाहीत.

समजा बसले असते, तरी मूर्ती मध्ये ठेवली नसती. रोज सकाळ-संध्याकाळ पूजा-आरती. रुळांवरून हात लांब करून फुलं वाहायची, निरांजन ओवाळायचं, अक्षता टाकायच्या. ही गाडी वीज रुळांतूनच घेते. कापराची काजळी किंवा तेलाचा थेंब रुळावर बसला की चाकाला वीज मिळत नाही आणि गाडी अडखळते. तांदळाचा एक दाणाही पुढचं चाक उचलायला पुरतो. शिवाय दूधसागर कापसाचा केलाय. त्याच्या शेजारी निरांजन ठेवायची माझी तरी हिंमत नाही. (तो कापूस रुळापासूनही लांबच ठेवावा. त्याचे तंतू आसाला गुंडाळले गेले की चिमट्याने काढताना जीव जातो.) आणि बाप्पा कोपऱ्यात नाहीत हो, त्यांचा स्वतंत्र चौरंग आहे. फोटोच टेबलाचा काढला होता.

घाटाची कल्पना मात्र मोहात पाडणारी आहे. लोंढा सोडून कॅसलरॉकच्या पुढे गाडी कुळेपर्यंत उतरते, तिथे चढ १:३७ चा आहे. म्हणजे ३७ मीटर धावल्यावर १ मीटर उंची. चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात ती त्यामुळेच. आमचा वरचा लूप खालच्यापेक्षा १५ सें.मी. उंच आहे. त्याच चढाने तिथे पोचायला साडेपाच मीटर रूळ लागेल, आणि खालचा अख्खा लूप आहे ३ मीटरचा. दोन फेऱ्या निव्वळ चढण्यात जातील, मग उतरायचं कुठून? म्हणून दोन्ही लूप एकमेकांना जोडलेलेच नाहीत. तुम्ही विचाराल, १५ सें.मी. उंची कशासाठी? एचओ डब्याला ७-८ सें.मी. पुरतात. पण डबा डोंगराखालच्या बोगद्यात घसरला तर आत हात घालता आला पाहिजे.

राहिला विजोडपणा. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही गेजच्या गाड्या यायच्या, तेव्हा मोठी आणि बारकी गाडी जवळजवळ दिसणं आपल्या भागाला नवं नाही. पण मी ते त्यासाठी केलेलं नाही. वरची गाडी एन मापाची, १:१६०. ती मागे आणि उंचावर फिरते म्हणून लांब वाटते आणि मधला डोंगर आहे त्याहून मोठा दिसतो. झाडंही त्याच हिशोबाने लावलीत, पुढे मोठी, वर अगदी बारकी. सतरंजीवर बसलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून हे खरं वाटतं. उभं राहून वरून फोटो काढला की फसतं, आणि तुम्ही पाहिलात तो नेमका तसाच फोटो. वरच्या गाडीचा वेग मात्र फार कमी ठेवावा लागतो. लांबची गाडी सुसाट पळाली की डोळा लगेच ओळखतो.

दिवाळीत नातवासाठी ३ बाय २ फुटांच्या पाटावर करायचं म्हणताय, तिथे तुमचेच एकात एक लूप घाला, पण दोन्ही एन मापाचे. २४९ आणि २८२ मि.मी. त्रिज्येची वळणं मिळतात. बाहेरचा लूप रुळाखालच्या पट्टीसकट साधारण ५९ सें.मी. होतो आणि २ फूट म्हणजे ६१. पाट आधी टेपने मोजा, जुने पाट कधी कधी आखूड निघतात. कडेला पुठ्ठ्याचा बोटभर कठडा बाहेरून चिकटवा. डोंगर थर्माकोलचा करणार असाल तर ऑइलपेंट आणि थिनर त्याच्या जवळ आणू नका, थर्माकोल विरघळतो.