रक्तात असावं लागतं म्हणे!

नमस्कार. गिटारवरच्या बेंडिंग (तार ओढून सूर चढवणं) आणि व्हायब्रॅटो (धरलेला सूर हलवत ठेवणं) यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते तीनदा वाचलं. 'फील रक्तात असावा लागतो, मेट्रोनोम लावून येत नसतो. नागपुरात बसून ब्लूज शिकवणाऱ्यांना हे कोण सांगणार?' कोण सांगणार म्हणजे? तुम्हीच सांगितलंत की. तेही रात्री दोन वाजता, टोपणनावाने.

आधी माझी चूक. अमेरिकी ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनच्या १३ च्या (सगळ्यात बारीक तारच ०.०१३ इंचाची) जाड तारांबद्दल लिहिलं, पण तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा हे राहून गेलं. बरोबर पकडलंत, दुरुस्ती केली आहे. 'जरा अभ्यास करून लिहा' हे न जोडताही हे सांगता आलं असतं.

आता रक्ताचं बघू. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरात दर गुरुवारी भजन असायचं, काका तबल्यावर. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार सेकंडहँड होती, सीताबर्डीवर एकाकडून घेतलेली. गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी मी डोळे मिटून, चेहरा वेडावाकडा करून तिसरी तार सातव्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या सातव्या पट्टीशी) दाबून वर ओढत होतो. अगदी तुमचा तो 'फील' ओसंडत होता. आतून काका ओरडले, "खालीच राहून राहिला ना बे तुझा सूर!"

काकांनी जन्मात ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांचं ते संगीत, ऐकला नव्हता. तरी मी जिथे पोचायला हवं होतं तिथे पोचत नव्हतो, हे त्यांना भिंतीपलीकडून कळलं. मला कळत नव्हतं.

मग काय केलं ते सांगतो, कारण लेखातला हा भाग तुम्ही वाचलेला दिसत नाही. आधी नववा फ्रेट साधा वाजवायचा आणि तो सूर कानात धरायचा. मग सातव्यावरून तार ओढून तिथेच आणायची. अनामिकेने ओढायचं, पण मागे मधलं बोट आणि तर्जनी टेकलेली, आणि जोर मनगटाचा, कुलपात किल्ली फिरवावी तसा. मे महिन्यात कूलरचा आवाज सूर ऐकू देत नाही म्हणून तो बंद करून बसायचो. घामाने तार बोटाखालून निसटायची. चार महिने गेले त्यात. रक्तात असतं तर इतका घाम कशाला गाळला असता?

आणि ब्लूजचे नावाजलेले गिटारवादक बी. बी. किंग यांचं काय कराल? नात्यातल्या बुका व्हाइटसारखं स्लाइड (बोटात नळी घालून ती तारेवर सरकवत वाजवणं) त्यांना जमेना, म्हणून तो आवाज नुसत्या बोटाने काढायची त्यांनी खटपट केली. तुम्ही ज्याला रक्त म्हणता तो व्हायब्रॅटो त्या खटपटीतून आला.

मेट्रोनोमची, म्हणजे लय धरून टिकटिक करणाऱ्या त्या यंत्राची, चेष्टा केलीत, तर एकदा लावून बघा. मिनिटाला ६० टिकांवर ठेवा आणि एक टिक दुसरी मात्रा, पुढची चौथी असं समजा, म्हणजे लय १२० ची झाली. त्यावर बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा भागांचा) शफल, म्हणजे ब्लूजची ती झोके घेणारी लय, न घसरता वाजवा. मग बोलू.

अँपबद्दल, लेखाच्या लांबीबद्दल आणि माझ्या फोटोबद्दल जे लिहिलंत, ते असू द्या.

तुमचं एखादं रेकॉर्डिंग असेल तर मात्र जरूर टाका. काका आता ऐंशीचे आहेत, गुडघे गेलेत. कान शाबूत आहेत.