दोघं मिळून कुणाला मारालेत?

आमच्या लघुपटातली मारामारी कागलजवळच्या एका गुऱ्हाळावर घ्यायची ठरली. दोन सख्खे भाऊ, बांधावरून भांडण, मागं चुलवाणाचा धूर. कॅमेरा मी चालवणार, कारण कॅमेरा माझा.

नियम मला पाठ होता. दोन नटांमधून एक रेघ कल्पायची आणि तिच्या एकाच बाजूच्या १८० अंशांत कॅमेरा ठेवायचा. मग थोरला कायम डावीकडे, धाकटा कायम उजवीकडे. माणसं बसून बोलत असली तर रेघही गुमान बसते. मारामारीत ती भावांबरोबर फिरते, लोळते, चिपाडाच्या ढिगात जाते. सकाळी थोरल्याचे ठोसे झाले. जेवणानंतर ऊन थेट लेन्सवर. मी ट्रायपॉड उचलून पलीकडं नेला आणि धाकट्याचे ठोसे घेतले. कुणी हूं की चूं केलं नाही. तांबडा रस्सा अंगावर आला होता.

एडिटिंगला बसलो. थोरला डावीकडून उजवीकडे ठोसा मारतोय. कट. धाकटाही डावीकडून उजवीकडेच! चहा घेऊन आलेली आई थबकली.

"दोघं मिळून कुणाला मारालेत रं?"

त्यात सिनेमातला ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो. मार खाणाऱ्याच्या पाठीमागून घेतला तर ती वीत झाकते. मी बाजूनं घेतलेला. भाऊ एकमेकांना वारा घालत होते.

मग धाकट्याचे शॉट आरशासारखे उलटवले. दिशा जुळली! पण त्याचं घड्याळ उजव्या हातात गेलं, शर्टाचा खिसाही उजवीकडं सरकला आणि भिंतीवरचं 'उधारी बंद' उलटं झालं.

उरला बैल. रेघ ओलांडायचीच तर मधे भलतंच काही दाखवावं, नाहीतर रेघेवर उभं राहून ठोसा थेट लेन्सवर घ्यावा. लेन्सचे हप्ते चालू असल्यानं दुसरा उपाय मी केलाच नव्हता. बैलाचा शॉट एकच, रवंथाचा. नव्वद सेकंदांच्या हाणामारीत तो सात वेळा आला.

शेवटी पुन्हा शूटिंग. या खेपेला फक्की नेली, जमिनीवर ठसठशीत रेघ मारली आणि शूटिंग संपेपर्यंत ओलांडली नाही. दिशा चोख. फक्त वाईड शॉटमध्ये रेघ जरा दिसते.

आईनं पुन्हा बघितलं. "आता कळालं," ती म्हणाली. "कबड्डी हाय व्हय!"